तराफ्यावरचा देश

तेवालू बेटं बुडून अकरा वर्षं झाली होती. आता तो देश म्हणजे समुद्रतळाशी साखळीने बांधलेला एक तराफा, आणि त्यावर राहणारे एकमेव अधिकारी, तेकोआकाका. तिथे पाय ठेवणारा प्रत्येक जण जोवर त्यांची परवानगी घेत होता, तोवरच जगाच्या नोंदीत तो देश होता.

आज साखळीची एक कडी तुटत आली होती. भारताची दुरुस्तीनौका शेजारी येऊन थांबली आणि ऋजुता केळुसकरने परवान्याचा अर्ज पुढे केला.

"अगं, उतर आणि जोड ती साखळी!" नौकेचे तांडेल धाकूमामा ओरडले. "वारा वाढतोय. आपण मित्रच ना त्यांचे?"

"म्हणून तर विचारायचं, मामा. न विचारता उतरले, तर तराफा वाचेल आणि देश जाईल."

तेकोआकाकांनी सावकाश टोपी चढवली, चष्मा पुसला. मराठी ते कोकणातल्या खलाशांकडून शिकले होते.

"काम?"

"साखळी जोडणं."

"मुक्काम?"

"तुम्ही चहा पाजाल तेवढा वेळ."

धाकूमामांनी कपाळावर हात मारून घेतला. नौका मात्र त्यांनी तराफ्याला जराही टेकू न देता, हातभर अंतरावर नेटाने धरून ठेवली.

शिक्का उमटला. काकांचा चेहरा खुलला. "ये पोरी. घर तुझंच समज."

"नाही काका, तुमचंच," ऋजुता म्हणाली आणि बूट हातात घेऊन तराफ्यावर उतरली.