गव्हाएवढा डायोड

थोरल्या पोराच्या जिभेला हाड नव्हतं हे मावशींना काही नवं नव्हतं. पण आज तो आईच्याच वर्कशॉपमध्ये, सगळ्या कारागिरांदेखत, स्वतःच्या बायकोवर तोंड सोडून उभा होता.

"नवाकोरा लेसर जाळलास! डायोड लावायचा विसरलीस ना? उद्यापासून यायचं नाही इथं. घरीच बस."

"लावला होता मी," सून म्हणाली.

"मग कुठाय? पंख फुटले त्याला?"

दोघंतिघं हसले. सुनेचे कान लाल झाले.

लेसर जोडताना त्याच्या दोन पायांमध्ये गव्हाएवढा काचेचा डायोड उलटा बसवायचा, हा मावशींचा दंडक. एरवी तो नुसता पडून असतो. पण कुणी वायरी उलट्या जोडल्या, किंवा कुठून उलटा झटका आला, तर तो आपल्या अंगावर घेतो आणि लेसर वाचतो.

मावशींनी पोराच्या हातातून बोर्ड ओढून घेतला आणि चष्मा चढवून दिव्याखाली धरला. डायोडच्या जागी सोल्डरचे दोन थेंब होते आणि दोन्हींतून कापलेल्या तारेचे चकचकीत खुंट वर आले होते. लावलाच नसता, तर तिथं नुसती भोकं असती. तांबडी वायर तर अजून काळीच्या जागी, स्क्रूखाली दाबलेली.

"छाटला कुणी?"

थोरला चाचरला. "आई, अगं, तो काही करतच नव्हता. फुकटचा बसलेला. म्हटलं, काढला तर उजेड वाढेल."

"मग? पडला उजेड?"

तो टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागला.

"आणि वायर? ती पण हिनंच येऊन उलटी जोडली?"

"घाईत झालं असेल माझ्याकडून." त्यानं आवाज खाली आणला. "घरी बोलू ना आपण. माणसं बघतायत."

"मघाशी काय आंधळी होती?"

आता कुणी हसलं नाही. मावशींनी सोल्डरिंग गन उचलून सुनेच्या हातात दिली आणि पोराच्या खुर्चीला गुडघ्यानं ढोसलं.

"लेसर जळाला, तो मी पोटात घातला असता. उलटी वायर जोडलीस, तीही घातली असती. पण बायकोला पुढं केलंस, ते नाही. तुझं सामान उचल, हे टेबल आता तिचं. तू तिकडं खोकी बांध. तुझ्या हातात मी लेसर द्यायची नाही, आणि हिला तुझ्या हाती तर नाहीच नाही."