उलटी झाली तरी

दोरीच्या मल्लखांबावर शाल्मली उलटी झाली आणि आज सातव्यांदा तिने विचारलं, "सर, पुढची पकड कुठली?"

फोन आडवा केला की कधीकधी अर्धवट लिहिलेलं पुसलं जातं ना, अगदी तसंच! अपघातानंतर डोक्यात बसवलेली आठवणींची चिप, शाल्मली उलटी होताच, पहिल्यापासून सुरू व्हायची. आणि स्पर्धा तर उद्याच होती.

तिच्या धाकट्या बहिणीने, नववीतल्या मृण्मयीने, आठवडाभर खपून प्रोग्राम लिहिला होता: वळण्याआधी सगळं जपायचं, वळल्यावर परत द्यायचं. तो तिने आता चिपमध्ये चढवला.

"ताई, आता बोलता बोलता उलटी हो."

"आमची मृण्मयी म्हणजे ना..." शाल्मली गर्रकन उलटी झाली. सरांनी श्वास रोखला.

"...जगात भारी! पण माझा निळा ड्रेस तिनेच ढापलाय!" म्हणत तिने कोणालाही न विचारता पुढची पकड घेतली.