कुकरची वाफ

हौशी चित्रकारांच्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. नजरेने झिजणारे रंग आल्यापासून तोंडदेखली वाहवा बंद झाली होती. लोक जितकं बघतील, तितकं चित्र पुसट होई. पोंक्षेबाईंच्या कोंबड्याचा नुसता तुरा उरला होता आणि बाई तो मिरवत होत्या. मोरेश्वररावांचं तळं मात्र पहिल्या दिवसाइतकंच हिरवंगार.

"पुढच्या वर्षी हेच लावा हो, नव्यासारखं आहे!" पोंक्षेबाई म्हणाल्या.

तळं काखोटीला मारून मोरेश्वरराव निघाले. आता ब्रश कायमचे माळ्यावर, हे त्यांनी वाटेतच ठरवलं.

त्याच रंगांतलं त्यांचं आणखी एक चित्र घरी स्वयंपाकघरात होतं: गच्चीवर पतंग उडवणारे स्वतः मोरेश्वरराव. "फोडणीचे डाग झाकायला बरंय," म्हणत त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनीच ते ओट्यासमोर टांगलेलं. मोरेश्वरराव तिकडे कधी फिरकत नसत. आज तेही उतरवायला गेले, तर गच्ची होती, पतंग होता, उडवणारा साफ पुसला गेलेला.

"अगं, हे काय?"

"कुकरच्या वाफेनं गेलं असेल," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"वाफ नेमकी माझ्यावरच?"

"मग नवीन काढा की. आणि या खेपेला स्वतःला जरा मोठं काढा."