आडवा हात

नायजेरियन नवऱ्याला घेऊन रंजना पहिल्यांदा नागपूरला आली, तेव्हा दार तिच्या आईने, कुसुमताईंनी उघडलं. त्यांनी जावयाकडे पाहिलं, हात आडवा केला आणि काही न बोलता आत निघून गेल्या. रंजना तिथूनच मागे फिरली. पुढे आईचे फोनही तिने उचलले नाहीत. लंडनला बसून तिने त्या आडव्या हातावर कादंबरी लिहिली, मग आणखी चार. प्रत्येकीत एक काळा माणूस कुणाच्या तरी दारातून परत जायचा. पुरस्कार मिळत गेले.

आज इतक्या वर्षांनी नागपुरात तिचा सत्कार होता. लेक अमारा आजीला भेटायचंच म्हणून हटून बसली, तेव्हा नाइलाजाने दोघी बेसा भागातल्या आईच्या घरी आल्या.

कुसुमताईंनी दार उघडलं. बापाचा रंग आणि बापाचेच कुरळे केस घेऊन उभ्या असलेल्या नातीकडे पाहिलं. हात आडवा केला आणि आत गेल्या.

"चल." रंजनाने लेकीचं मनगट घट्ट धरलं. "मला माहीतच होतं."

"मी नाही येत," अमारा म्हणाली.

कुसुमताई बाहेर आल्या त्या पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन. तुकडा नातीवरून ओवाळून लांब फेकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तिला आत घेतलं.

रंजना बाहेरच उभी राहिली.

"तवाही हेच आणाले गेली होती वं मी," कुसुमताई म्हणाल्या. "बाहेर येऊन पाह्यलं, त तुमचा आटो कोपऱ्यावर वळून राहिला होता."