वस्तू कोणाची

औषध कंपनीच्या साहेबाने वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या टेबलावरची बाटली एका बोटाने जरा लांब सारली आणि ही आमची नाहीच, असं आठ महिन्यांत सोळाव्यांदा सांगितलं. मग तेच बोट बाटलीवर ठेवून, ती तपासणीसाठी आम्हाला द्या, असंही सांगितलं.

बातमीदार बाईंनी दोन्ही वाक्यं वहीत उतरवून घेतली. एकाखाली एक.

पलीकडे मुलीची आई बसली होती आणि तिला चिकटून दहा वर्षांची मुलगी. तापावरच्या या औषधाचे सहा चमचे पोटात गेले आणि मुलीचे दोन्ही कान गेले. अशी मुलं शहरात एकोणीस होती. कंपनीचं म्हणणं, औषध नकली असणार. आईने कुठल्या तरी टपरीवरून स्वस्तात उचललं असणार. नातेवाइकांना हे इतकं पटलं होतं की मावससासूबाई खुशाली विचारायला फोन करायच्या आणि टपरीचा पत्ता विचारून ठेवायच्या.

औषधात विष आहे, हे दोन प्रयोगशाळांनी लिहून दिलं होतं. याच बाटलीतले नमुने तिथे सीलबंद होते. पण बाटली कंपनीचीच आहे, हे कुणीच लिहून देत नव्हतं. तेवढं कागदावर आल्याशिवाय एक ओळ छापणार नाही, असं संपादकांनी बजावलं होतं.

"न्या," बातमीदार बाई म्हणाल्या.

साहेब गडबडला. तो हुज्जत घालायची तयारी करून आला होता. बॅगेत हुज्जतीची वेगळी फाइल होती. आईने बाईंचा हात धरला.

"ताई, अहो, एकच उरलीय."

"माहीत आहे. चला, यांना खालपर्यंत सोडून येऊ," म्हणून बाई उठल्या. जेवून निघालेल्या पाहुण्याला सोडायला जावं, तशा.

खाली दारावर रखवालदार काका होते. त्या इमारतीत मंत्र्यांना कुणी घाबरत नसे, काकांना सगळे घाबरत. बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या नोंदवहीतून जाई. संपादकांची छत्री त्यांनी दोन दिवस अडकवून ठेवली होती, कारण ती संपादकांचीच असल्याचा पुरावा नव्हता. एक उपसंपादक निवृत्त होऊन चार वर्षं झाली, त्यांचा डबा अजून आत होता.

काकांनी बाटली हातात घेतली, चष्मा चढवला आणि लिहू लागले. बाटली एक, काचेची, तपकिरी, तळाशी बोटभर औषध. लेबलवरचा बॅच नंबर त्यांनी आकडा आकडा करत उतरवला आणि पुन्हा ताडून पाहिला. मग पुढचा रकाना आला.

"वस्तू कोणाची?"

साहेब म्हणाला, तेवढं कोरं सोडा. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने पायातली चप्पल वहीवर ठेवली होती. बरं, मालक माहीत नाही असं लिहा. मग ती बेवारस वस्तू झाली, काका म्हणाले, आणि बेवारस वस्तू पोलीस ठाण्यात जाते. लगेच फोन लावतो. साहेबाने घाईघाईने त्यांचा हात फोनवरून उचलला. मग वर्तमानपत्राची म्हणा. त्याला संपादकांची सही लागेल, आणि संपादक वर तिसऱ्या मजल्यावर बैठकीत. मग या मुलीच्या आईची लिहा की. काका म्हणाले, हरकत नाही, मग त्याच घेऊन जातील. दुसऱ्याची वस्तू घेऊन निघालेल्या माणसाला काय म्हणतात, हे त्यांनी अगदी सौम्यपणे साहेबालाच विचारलं.

तेवढ्यात साहेबाचा फोन वाजला. पलीकडे त्याच्या साहेबाचा साहेब होता. इकडून तीन वेळा 'हो सर' झालं. काय वाटेल ते करा, पण बाटली आणल्याशिवाय परत येऊ नका, एवढं काकांनाही ऐकू गेलं.

साहेबाने कपाळ पुसलं. "अहो काका, आमचीच आहे हो ती. जाऊ द्या ना आता."

"मग तसं लिहा," काकांनी वही फिरवून पेन पुढे केलं. "नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं."

साहेबाने लिहिलं. कंपनीचं पूर्ण नाव, आपला हुद्दा, तारीख, सही. काकांनी शिक्का मागितला; तोही निघाला बॅगेतून. असली माणसं शिक्क्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. काकांनी शाईवर हलकेच फुंकर घातली. साहेब बाटली छातीशी धरून गाडीत बसला आणि लढाई जिंकल्यासारखा निघून गेला.

बाईंनी पानाचे दोन फोटो काढले, एक नुसत्या शिक्क्याचा. फोटो बाहेर जातो तेव्हा वस्तू गेली असं धरायचं की नाही, या विचारात काका पडले.

मुलीला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ती पुढे झाली आणि तिने नोंदवही आपल्याकडे ओढली. काकांच्या वहीला असा हात आजवर कुणी लावला नव्हता. काकांनी पेन बाजूला घेतलं, तिला नीट दिसावं म्हणून. तिने रकान्यावर बोट ठेवलं, सरकवत नावापर्यंत नेलं, शिक्क्यावर थांबवलं. मग ती आईकडे वळली. आपला आवाज किती मोठा निघतो, हे तिला आता कळत नसे.

"आई, म्हणजे तू बरोबरच औषध आणलं होतंस."

तिसऱ्या मजल्यावर जाऊन संपादकांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.