निळ्या बुचाची सातवी ट्यूब

"या बाईले माह्यावर भरोसाच नाही," पडद्यापलीकडे रुपरावबाबा कुणाला तरी सांगत होते. "मी म्हणतो चूर्ण सोडलं, हे म्हणते खोटं बोलून राहिले. आता काय पोट फाडून दाखवू?"

लतिका सिस्टरने पडदा सारला. "पोट राहू द्या. हात दाखवा."

बाबांनी मुकाट्याने बाही वर केली. सुई शिरताना मात्र नेहमीसारखं विचारलंच, "जेवल्या का सिस्टर?"

"जेवीन."

मंगळवारी हे विचारणारा हा एकच माणूस होता. बाकीचे वार तर कोरडेच जायचे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांच्या आड पोटाची चूर्णं कशी येतात, याचा अभ्यास सीताबर्डीच्या त्या लहानशा केंद्रात चालला होता. पेशंट सहा. तीन महिन्यांपासून सगळ्यांचं चूर्ण बंद, आणि दर मंगळवारी रक्त किती सेकंदांत गोठतं ते बघायचं. सातवी ट्यूब तुलनेसाठी, धडधाकट माणसाच्या रक्ताची. तिच्या मानाने पेशंटच्या रक्ताला निदान दुप्पट वेळ लागायला हवा. दुपटीच्या खाली आकडा आला, की पेशंट लपूनछपून चूर्ण खातोय असं धरायचं. सलग तीनदा आला, की नाव कापायचं.

तरुण नर्स स्वतःला सुई टोचायची म्हटलं की काहीतरी काम काढायच्या. म्हणून सातवी ट्यूब लतिका स्वतःच भरायची, आणि वळणदार अक्षरात तिच्यावर 'निरोगी' लिहायची.

दीड महिन्यापासून आकडे घसरत चालले होते. सहाच्या सहा चोर निघाले. त्यात बाबा सगळ्यांत पुढे. दोनदा नापास, आज तिसरी वेळ.

"कळमन्याच्या धान्यबाजारात तीस वर्षं मापारी होतो मी," बाबा म्हणाले. "एक पोतं कमी भरलं तं पोतंवाल्याले विचारावं. सारेच पोते कमी भरून राहिले, तं आधी आपलं वजन तपासावं. काटेवाल्याचं वजनच जास्तीचं असलं, तं पोतं बिचारं काय करन?"

"इथे पोती नाहीत बाबा, माणसं आहेत. माणसं खोटं बोलतात."

मागच्या टेबलावर ट्यूबना चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या सौरवचा हात क्षणभर थांबला. प्रयोगशाळेचं सगळं तोच बघायचा.

बाबांच्या पिशवीतून पहिल्याच महिन्यात तिने चूर्णाची डबी जप्त केली होती. इतरांच्या पुड्याही तिच्याच खणात होत्या. टाकवत नव्हत्या. स्वतःचंच पोट अलीकडे धड नव्हतं, तेव्हा चार वाजता कोमट पाण्यात चमचाभर घ्यायची. जप्तीचा माल वाया तरी का घालवावा?

दुपारी भूमिका फॉर्म घेऊन आली. कुठूनसा नर्सांच्या ताणाचा सर्व्हे आला होता. नवी नर्स, फॉर्म भरायला तिलाच बसवलं होतं.

"भूक लागते?"

"लागते."

लतिकाच्या गणवेशाच्या कमरेला दोन सेफ्टी पिना होत्या. भूमिकाने तिकडे पाहिलं आणि 'हो'वर खूण केली.

"झोप?"

"कुंभकर्णासारखी."

"घरी मनातलं बोलायला कोण आहे?"

"लिही, सगळे."

जरीपटक्यातल्या खोलीत लतिका आणि एक भिंतीवरचं घड्याळ राहायचं, हे भूमिकाला ठाऊक होतं. तिने 'सगळे' लिहिलं. मग तिची नजर लतिकाच्या कोपराकडे गेली. सकाळी सातवी ट्यूब भरून लावलेला कापूस पुन्हा लाल झाला होता. त्याच्या खाली एक निळा डाग. मेट्रोच्या दांडीवर हात आपटला त्याला पंधरा दिवस झाले होते.

"सिस्टर, तुमचे डोळे…"

"काय डोळे?"

"काही नाही," त्यांतल्या पिवळट झाकेवरून नजर काढत भूमिका म्हणाली. "दमल्यासारखे दिसतात."

"पन्नाशीनंतर डोळेही काम चुकवतात गं," लतिका म्हणाली आणि कापूस बदलला.

साडेतीनला बाबा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. आज घरी जायची घाई नव्हती. लतिका उगाच त्यांच्यासमोरच्या फायली लावत बसली. पुढच्या मंगळवारी या बाकावर कोणी नसेल, हे मनात आलं की ती आणखी एक फाईल उचलायची.

"कापून टाका नाव," बाबा म्हणाले. "माही तयारी आहे. पण खोटा म्हणून नका कापू."

तिने आणखी एक फाईल उचलली.

सौरव कागद घेऊन आला. त्याच्या कोपराच्या खोबणीत कापूस चिकटवलेला होता.

"तुला काय झालं?"

"सुई टोचली," तो म्हणाला. "बाबा पास आहेत सिस्टर. अडीच पट."

लतिकाला हसू आवरेना. "बघा! सोडलं म्हणायचं शेवटी चूर्ण."

"मी तं कधीचं सांगून राहिलो," बाबा म्हणाले. "आता तरी जेवा."

"बाकीचे?"

"सहाही पास."

"सगळे एकदम सुधारले की रे."

सौरव गेला नाही. दारात भूमिकाही येऊन उभी राहिली होती. तिने फॉर्म छातीशी धरला होता.

"कोणीच सुधारलं नाही सिस्टर," सौरव म्हणाला. "सगळे पहिल्यापासून खरंच बोलत होते. आज तुलनेला मी माझं रक्त लावलं."

त्याने खिशातून निळ्या बुचाची ट्यूब काढून फायलींवर ठेवली. वळणदार अक्षरांतलं 'निरोगी' तिच्याकडे तोंड करून होतं.

"ही वेगळी लावून पाहिली. तीनदा. सिस्टर, कुठली गोळी न घेताही वेळेवर गोठत नाहीये, ते रक्त फक्त या ट्यूबमधलं आहे."