खोक्यावरची अक्षरं

दादानं परदेशातून बाळाच्या खोलीसाठी छताखालच्या पट्टीवर सरकणारे दिवे पाठवले. चाळीस वर्षं वायरिंग केलेले बाबा चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचू लागले. हल्ली त्यांचे हात थरथरायचे. माझ्या कडेवर बाळ होतं. “बाबा, शिडीला हात लावायचा नाही. दुसरा वायरमन बोलावलाय.” “अगं, ऐक तरी!” “नाही म्हणजे नाही!” मी खोकंच ओढून घेतलं. ते चपला घालून निघून गेले. रुसले, म्हटलं. वायरमननं पट्टी जोडली, मीच बटण दाबलं. दिवे लख्ख पेटले आणि फटकन गेले. जळका वास सुटला. खोक्यावर लिहिलेलं: १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. तेवढ्यात बाबा धापा टाकत आले. थरथरत्या हातांत व्होल्टेज उतरवणारा जड ट्रान्सफॉर्मर होता. छताकडे बघून त्यांनी तो दाराआड ठेवला. “माझंच चुकलं, पोरी. सांगून जायला हवं होतं.”